भिंतीवरचा नकाशा आणि टेबलावरची पृथ्वी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, पालकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मुलांस घरच्या घरी जगाचा भूगोल कसा शिकवावा, याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चालकांनी आम्हांस केली आहे. विषय लहान दिसतो. परंतु ज्या ज्ञातीची मुले आज देशोदेशी पांगत आहेत, तिने तो लहान मानू नये.

पाहुणे आले की मुलास पुढे उभे करून त्याजकडून राजधान्या म्हणवून घेण्याची चाल आपल्या घरांतून आहे. मूल घडाघडा म्हणते, पाहुणे पाठ थोपटतात. त्याच मुलास 'कैरो बोटाने दाखव' म्हटले, तर बोट हवेतच फिरत राहते. म्हणून भिंतीवर जगाचा नकाशा असावाच. मात्र तो एकटा नसावा, त्याच्या शेजारी पृथ्वीचा गोल असावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

याचे कारण असे. मर्केटर याने १५६९ साली खलाशांच्या सोयीसाठी एक नकाशा रचला. त्यावर होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग सरळ रेषेत येतो. परंतु त्यापायी ध्रुवांकडील मुलूख फुगतात. त्या वळणाचे नकाशे अद्यापही पुष्कळ दिसतात. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठी. इतकेच काय, ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि भारताचे ३२.९ लाख! आपला देश एवढासा, असे मुलाच्या मनावर नकळत बिंबते, ते अशा कागदामुळे.

हे व्याख्यानाने समजावू नये. एक नागपुरी संत्रे घ्यावे. त्याची साल सहज सुटते. तिच्यावर शाईने खंडे ढोबळ काढू द्यावीत, साल अलगद सोलवावी आणि पाटावर सपाट करावयास सांगावे. ती फाटते. फाटू न देता सपाट करावयाची तर कोठे तरी ताणावी लागते, हे मूल आपल्या बोटांनी शिकते. संत्रे अर्थातच त्याने खावे.

दुसरा प्रयोग दोऱ्याचा. नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी लावली, तर ती अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. आता १२ इंची गोलावर तीच दोन शहरे दोरा ताणून जोडावीत. दोरा उत्तरेस वळतो. फिनलंड, आइसलंड यांवरून, ग्रीनलंडचे दक्षिण टोक जवळजवळ चाटून उतरतो! हा सर्वांत जवळचा मार्ग. दोरा भरतो सुमारे ३० सेंटिमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तीय घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे या गोलावर एका सेंटिमीटरास सुमारे ४२० किलोमीटर पडतात. गुणाकार मुलाने करावा, वडिलांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये.

माताभगिनींच्या हाती तर याहून मोठी शाळा आहे. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडे सेलमच्या बाजूस ज्या कंदापासून साबुदाणा होतो, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातील. मिरचीही अमेरिका खंडातील, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागलेली. जिरे भूमध्य समुद्राच्या बाजूचे. एकेक जिन्नस मुलाने नकाशावर शोधावा आणि मगच ताट पुढे घ्यावे. (मग असल्या परदेशी पदार्थांनी उपवास मोडतो काय, या वादात आम्ही पडत नाही.)

स्मरणिकेत दरवर्षी सभासद कुटुंबांच्या पत्त्यांची सूची असते. सोयरिकीच्या कामी ती चाळली जाते, एरवी मिटलेलीच. ती मुलांच्या हाती द्यावी. मस्कत, टोरांटो, मेलबर्न, जेथे जेथे आपला माणूस असेल तेथे टाचणी टोचावी, आणि विचारावे, या घटकेस तेथे किती वाजले असतील? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२½ अंश पूर्व रेखावृत्ताची, म्हणून आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. प्रत्येक देशाने आपले घड्याळ सोयीने थोडे मागेपुढे केलेले असते, ते नंतर सांगता येईल. परंतु आपण दुपारी फोन लावला की टोरांटोचा नातू झोपेतून का उठतो, हे आजीला तिच्या येथल्या नातीने गोल फिरवून दाखवावे. दूरच्या आप्तांविषयी घरात जे मोघम बोलणे चालते, त्यास त्यामुळे काही ठिकाण येते.

आता एक सूचना. गुणगौरव समारंभात आपण ढाली आणि पेले वाटतो; ते कपाटावर धूळ खातात. पुढील वर्षापासून माध्यमिक शाळेतील गुणवंतांस ढालीऐवजी पृथ्वीगोल द्यावा, आणि ज्या गावी आपली चारपाच घरे आहेत तेथे सामायिक एक ठेवावा, असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. खर्चाचा प्रश्न निघाल्यास व्यासपीठावरील आम्हां मंडळींचे हारतुरे प्रथम बंद करावेत.