संडासाची रांग आणि रक्तातला पुरावा



नाकातोंडातला स्वॅब फक्त आजचं सांगतो, विषाणू आता आहे की नाही एवढंच. रक्ताची तपासणी मागचं सांगते. विषाणू येऊन गेला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी तयार करतं आणि ती पुढे काही महिने रक्तात सापडतात. त्यामुळे जी बाई अंगावर ताप काढून कामाला लागली, दवाखान्याच्या रजिस्टरात जिचं नावच नाही, तीही मोजली जाते.

पुण्यात २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० दरम्यान अशी पाहणी झाली. महापालिकेच्या सहकार्याने पुणे विद्यापीठ, आयसर आणि इतर संस्थांनी १,६६४ प्रौढांचं रक्त तपासलं. ५१.५ टक्क्यांत प्रतिपिंडं निघाली. 'निम्म्या पुण्याला होऊन गेला' असं आपण सहज म्हणून जातो, पण हा आकडा जास्त रुग्ण असलेल्या पाच प्रभागांचा होता, अख्ख्या शहराचा नव्हे.

खरी गोष्ट आतल्या आकड्यांत आहे. लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के, कसबा-सोमवार पेठेत ३६.१. सामायिक संडास वापरणाऱ्यांत ६२.३, घरात स्वतंत्र संडास असणाऱ्यांत ४५.३. सगळा दोष संडासाचाच असं नाही. जिथे तो सामायिक, तिथे खोलीही बहुधा एकच असते आणि माणसं सहा-सात. पण 'घरातच थांबा' हा हुकूम काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुठलं घर होतं?

आणखी एक. पुरुष ५२.८ टक्के, बायका ५०.१. म्हणजे जवळजवळ सारखेच. घराबाहेर जास्त पुरुष, मग बायका वाचल्या असतील, हा समज इथे टिकत नाही. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसलं, हे मात्र टक्केवारीत येत नाही.

१८९७ च्या प्लेगात याच पुण्यात सोल्जर घराघरांत घुसले, बायकांना तपासलं, त्याचा संताप इतिहासात नोंदला आहे. म्हणून वस्तीत पुन्हा कुणी रक्त घ्यायला आलं, तर संमतीपत्र मराठीत मोठ्याने वाचून घ्या. नवऱ्याने 'हो' म्हटलं तरी बाईला वेगळं विचारायला लावा. तिचा निकाल तिच्याच हातात, कधी आणि कोण देणार ते लिहून घ्या. आणि प्रतिपिंडं निघाली म्हणजे पुन्हा लागण होणारच नाही, असं कुणी सांगून तिला कामावर पिटाळत असेल, तर तिथेच हटका.