तळ्याचें पाणी आणि पोहणारा

मार्गशीर्षांतल्या पहांटे अड्याळच्या आसपासच्या एखाद्या तलावाच्या पाळीवर उभें राहिलें, म्हणजे पाण्यावरून पांढरी वाफ उठतांना दिसते. हवा अंगाला झोंबत असते. पण पाण्यांत हात घालावा, तर तें कोमट लागतें. ह्यांत चमत्कार कांहीं नाहीं. पाणी सावकाश तापतें आणि तितक्याच सावकाश निवतें. दिवसाची ऊब तें रात्रभर आणि एका ऋतूची ऊब दुसऱ्या ऋतूंत कांहीं काळ सांभाळून ठेवतें. कार्तिकस्नानाला जाणाऱ्या बायकांना हें पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांना थंडी वाजते ती पाण्यांत नव्हे, तर बाहेर आल्यावर, ओल्या अंगाला वारा लागतो तेव्हां.

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ लागतें. हा मुलूख भाताचा, आणि जेथें भात तेथें तलाव. कोहळी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या खपून असे तलाव बांधले. पुढें ते मालगुजारांकडे होते. १९५१ सालीं मालगुजारी गेली आणि ते सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी' ह्या लांब नांवाचा लोकांनीं 'मामा तलाव' असा सुटसुटीत संक्षेप करून टाकला आहे. ह्या तलावांच्या जोडीला पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दचें धरण झालें. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्तें झाली. धरणाला ३३ दरवाजे आहेत. लहानशी बोडी, मामा तलाव आणि हा अफाट जलाशय ह्यांचा स्वभाव मात्र एक नव्हे. बोडी सकाळीं थंड आणि दुपारीं गरम असते; खोल जलाशय ऋतूच्या मागून कित्येक दिवसांनीं चालतो.

उन्हाळ्यांत ह्या भागांत पारा कधीं कधीं पंचेचाळीस अंश सेंटिग्रेडच्याही वर जातो. तेव्हां पाण्याचा वरचा थर तापतो, हलका होतो आणि वरच तरंगत राहतो. उष्ण पाणी थोडें अधिक तापलें तरी पुष्कळ हलकें होतें. चार अंशांचें पाणी पांच अंशांवर नेलें असतां तें जितकें हलकें होतें, त्याच्या पस्तीस पटींहून अधिक हलकें तें एकोणतिसांचें तीस होतांना होतें. म्हणून आपल्या उष्ण देशांत दोनतीन अंशांच्या फरकानेंही तलावांत दोन मजले तयार होतात. पोहणारा वर सुखानें तरंगत असतो. पुरुषभर खालीं बुडी मारली, कीं पायांना एकाएकीं गारवा लागतो. हाताला लागलेली ऊब वरच्या मजल्याची बातमी सांगते. खालच्या मजल्याची नाहीं. पुढें वादळवारा आणि पाऊस ह्यांनीं हे मजले मोडतात. तळाचें प्राणवायुहीन पाणी एकदम वर आलें, तर एखाद्या ढगाळ सकाळीं मासे तोंडें वर काढून तडफडतात. हिवाळ्यांत वरचें पाणी रात्रीं निवून खालीं जातें आणि सारा तलाव वरपासून तळापर्यंत जवळजवळ एकसारखा होतो.

आतां शरीराचा विचार. पाणी स्थिर हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें. पंचवीस अंशांच्या खालीं पाणी गेलें, कीं त्यांत एकदम शिरणाऱ्याचा श्वास बिघडूं लागतो. दहा ते पंधरा अंशांच्या दरम्यान हा धक्का सर्वांत तीव्र असतो. माणूस नकळत मोठा श्वास आंत ओढतो, आणि त्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असलें, तर तेवढेंच पुरेसें होतें. आपले तलाव युरोपांतल्या सरोवरांइतके थंड होत नाहींत. पण पौषांतल्या सकाळीं पाळीवरून उडी घेणाऱ्याला धक्का बसतोच. पायऱ्यांनीं उतरावें, मान व तोंड भिजवावें, एकदोन मिनिटें कंबरभर पाण्यांत थांबावें, श्वास ताळ्यावर आला कीं मग पोहावें. उलट टोकही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. खुल्या पाण्यांतील आंतरराष्ट्रीय शर्यती सोळा अंशांखालीं आणि एकतीस अंशांवर घेत नाहींत, कारण फार उष्ण पाण्यांत श्रमणाऱ्या शरीराची उष्णता बाहेर पडत नाहीं. वैशाखांतल्या दुपारीं उथळ बोडी ही मर्यादा ओलांडूं शकते.

इतकें असूनही, आपल्याकडे माणसें बहुधा थंडीनें बुडत नाहींत. तीं बुडतात आल्हाददायक पाण्यांत. शहरांतलें मूल सुटींत आजोळीं येतें. तें जेथें पोहायला शिकलें, त्या तरणतलावाचें पाणी निळें, सव्वीससत्तावीस अंशांचें, तळ दिसणारें. दमलें तर पंचवीस मीटरांवर भिंत. गांवच्या तलावाला अशी भिंत नाहीं. उन्हाळ्यांत गाळ आणि मुरूम काढून नेल्यानें तळाला उभ्या कडांचे खड्डे पडतात. पावसाळ्यांत ते भरतात आणि वरून सारें पाणी एकसारखें दिसतें. गुडघाभर पाण्यांतून चालणारा पोर पुढच्याच पावलाला गडप होतो. पोळ्याच्या दिवशीं बैल धुवायला मुलें तलावांत उतरतात, तेव्हां तलाव नेमके तुडुंब असतात. शिंगाड्याच्या वेली पायांत गुंततात. धरणाच्या फुगवट्याखालीं तर गांवेंच्या गांवें गेलीं आहेत. घरांच्या भिंती, झाडांचे बुंधे, विहिरी गढूळ पाण्यांत दिसत नाहींत. दरवाजे उघडले म्हणजे धरणाखालच्या नदीचें पाणी पाहतां पाहतां चढतें. 'पोहण्यास सक्त मनाई' असा फलक काठावर असतो खरा. पण ज्यांना वाचतां येत नाहीं अशीं मुलेंही बुडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें २०२१ सालीं जगांत सुमारें तीन लाख माणसें बुडून मेलीं, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील बालकांचा होता.

तेव्हां उतरण्यापूर्वीं पाणी गार कीं गरम हें विचारण्याआधीं तळ कसा आहे, हें विचारावें. आणि तें विचारावें तलावांत रोज जाळें टाकणाऱ्या ढिवराला. त्यानें नको म्हटलें, तर तेथें वाद घालण्यांत शहाणपण नाहीं.

एखादा बुडूं लागला, तर त्याच्यामागें उडी टाकण्याची ऊर्मि अनावर असते. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. एकामागून एक भाऊ गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत उन्हाळ्यांत येतात त्या ह्यामुळेंच. लांब बांबू, दोर, गांठी मारलेलीं धोतरें, घट्ट झांकणाचा रिकामा डबा, जें हाताशीं असेल तें पुढें करावें आणि मोठ्यानें हांक मारावी. बाहेर काढलेला श्वास घेत नसेल, तर त्याला पालथें घालून पोट दाबण्यांत वेळ दवडूं नये. आधीं तोंडानें श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यावर जोरानें तीस वेळां दाबावें, पुन्हां दोन श्वास, पुन्हां तीस. आणि तोंवर दुसऱ्यानें १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शुद्धीवर येऊन तो बोलूं लागला, तरी त्याला घरीं नेऊं नये. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास कित्येक तासांनीं वाढतो, म्हणून त्याला रुग्णालयांत डॉक्टरांच्या नजरेखालींच ठेवावें.