वादळ किनाऱ्यावर, भाववाढ घाटापर्यंत

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चक्रीवादळ हा किनाऱ्याचा प्रश्न आणि इंधनाचा दर हा दिल्लीचा प्रश्न, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कर्जत आणि खालापूर हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. त्यामुळे या दोन्ही प्रश्नांचा येथील माणसाशी संबंध बातमीपुरताच आहे, असे येथेही मानले जाते. ही समजूत किती चुकीची आहे, हे जून २०२० च्या पहिल्या आठवड्याने दाखवून दिले.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. मुंबई बचावली, असे त्या संध्याकाळी सर्वत्र सांगितले गेले आणि ते खरेही होते. परंतु वादळ तेथेच विरले नव्हते. श्रीवर्धन, म्हसळे, माणगाव, रोहे या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून ते ईशान्येकडे सरकले आणि घाट चढून मावळ, खेड, जुन्नरपर्यंत गेले. वाटेतील तालुक्यांत घरांवरचे पत्रे व कौले उडाली, विजेचे खांब कोसळले, वाड्या-पाड्या अंधारात गेल्या. ५ जून रोजी मुख्यमंत्र्यांनी रायगड जिल्ह्यासाठी शंभर कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली.

आता त्याच आठवड्यातील आणखी तीन घटना पाहा. १ जूनपासून महाराष्ट्र शासनाने पेट्रोल व डिझेलवरील अधिभार लिटरमागे दोन रुपयांनी वाढविला. त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने खरीप पिकांचे हमीभाव मंजूर केले आणि साधारण भाताचा भाव क्विंटलला १८१५ रुपयांवरून १८६८ रुपये केला. म्हणजे वाढ ५३ रुपयांची, शेकडा तीनसुद्धा नाही. आणि ७ जूनपासून, ८२ दिवस गोठलेले इंधनाचे दर तेल कंपन्यांनी रोज वाढविण्यास आरंभ केला. २९ जूनपर्यंत दिल्लीत पेट्रोल नऊ रुपयांहून अधिक आणि डिझेल अकरा रुपयांहून अधिक महागले. डिझेलची ही वाढ शेकडा सोळा होते. भाताला शेकडा तीन आणि डिझेलला शेकडा सोळा! चिखलणीसाठी पॉवर टिलर भाड्याने घेणाऱ्या कर्जतच्या शेतकऱ्याला हे अर्थशास्त्र कोणी शिकविण्याची गरज नाही.

त्यातच टाळेबंदी होती. कर्जत आणि खोपोली ही दोन्ही मुंबईच्या उपनगरी रेल्वेची टोके. मार्च २०२० पासून सर्वसामान्यांना लोकल बंद होती. जून मध्यावर ती सुरू झाली तीही केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. ज्या माणसाचा प्रवास मासिक पासावर होत असे, त्याला रस्त्यावर यावे लागले, आणि नेमका त्याच वेळी रस्ता महाग झाला.

सामान्य माणूस साहजिकच म्हणेल की संकटाच्या काळात माल कमी पडतो, म्हणून भाव वाढतात. हे विधान तपासून पाहिले पाहिजे. वादळामुळे इंधन महागण्याचे तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग प्रत्यक्ष टंचाईचा. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ वादळाने विशाखापट्टणमला तडाखा दिला, तेथील तेलशुद्धीकरण कारखाना बंद ठेवावा लागला आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या. ही खरी टंचाई होय.

दुसरा मार्ग जागतिक बाजाराचा. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे, तो बुडाला. मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरी व किनाऱ्यावरील शुद्धीकरण कारखाने बंद पडले आणि कच्च्या तेलाने पिंपाला सत्तर डॉलरची मर्यादा ओलांडली. तेव्हा बाजारावर सर्वाधिक श्रद्धा असलेल्या देशांनी काय केले? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांनी चारच दिवसांत राखीव साठ्यांतून सहा कोटी पिंपे तेल बाजारात आणण्याचा निर्णय घेतला. वादळाच्या वेळी बाजार आपोआप सावरतो, यावर त्यांचाही विश्वास नव्हता. आपल्याकडे मात्र २६ जुलैच्या महापुराचा चिखल अजून वाळायचा होता. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, उल्हास नदीचा काठ बुडाला होता. तरीही सप्टेंबरमध्ये पेट्रोल तीन रुपयांनी व डिझेल दोन रुपयांनी वाढले. तेलाचे भाव आधीपासूनच चढत होते, हे खरे. पण दूरच्या किनाऱ्यावरील वादळाची झळ येथल्या पंपापर्यंत पोहोचते, हेही खरे.

तिसरा मार्ग कराचा, आणि जून २०२० ची भाववाढ या तिसऱ्या मार्गाने आली. त्या वेळी टंचाई नव्हती. टाळेबंदीमुळे मागणीच कोसळली होती. एप्रिल २०२० मध्ये भारत खरेदी करीत असलेल्या कच्च्या तेलाची सरासरी किंमत पिंपाला वीस डॉलरच्या आत आली होती. या स्वस्ताईचा लाभ ग्राहकाला मिळाला नाही. केंद्राने मार्चमध्ये लिटरमागे तीन रुपये, आणि मे महिन्यात पेट्रोलवर दहा व डिझेलवर तेरा रुपये उत्पादन शुल्क वाढविले. मेमधील वाढीनंतर ते पेट्रोलवर ३२ रुपये ९८ पैसे व डिझेलवर ३१ रुपये ८३ पैसे झाले. राज्याचा मूल्यवर्धित कर या शुल्कासहित किमतीवर बसतो. म्हणजे करावरही कर. शिवाय मे महिन्यातील वाढ विशेष शुल्क व रस्ते उपकर या रूपाने केलेली होती, आणि ही रक्कम राज्यांना वाटून द्यावी लागत नाही. केंद्राचे इंधनावरील उत्पादन शुल्क २०१९-२० मध्ये सुमारे २ लाख २३ हजार कोटी होते, ते २०२०-२१ मध्ये सुमारे ३ लाख ७२ हजार कोटींवर गेले. त्यातून राज्यांच्या वाट्याला सुमारे २० हजार कोटीच आले. वादळग्रस्त रायगडला मिळालेले शंभर कोटी या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत.

महसूल आटला होता, सरकारने करावे तरी काय, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. परंतु सप्टेंबर २०१९ मध्ये याच सरकारने कंपन्यांवरील प्राप्तिकराचा दर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला आणि त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा अंदाज स्वतःच जाहीर केला. इंधनावरील शुल्कातून पुढे वाढलेली रक्कम जवळपास तेवढीच भरते. कंपन्यांना दिलेली सवलत अखेर टमटमच्या भाड्यातून आणि भाजीच्या पाटीतून वसूल झाली, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. कंपनीला नफ्यावर कर असतो. कातकरी मजुराला वीटभट्टीवर पोहोचण्यावर कर असतो, मग त्या दिवशी काम मिळो अथवा न मिळो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. इंधनाच्या धुरामुळेच समुद्र तापतो आणि वादळे बळावतात. मग इंधन महाग असणेच बरे नव्हे काय? अरबी समुद्र तापत आहे, यात शंका नाही. २०१९ या एकाच वर्षात तेथे पाच चक्रीवादळे झाली. इंधनावरील कराला म्हणूनच सरसकट विरोध करता येणार नाही. पण त्या करातून एस.टी.च्या गाड्या वाढल्या पाहिजेत, खोपोली व कर्जतच्या लोकल वाढल्या पाहिजेत. पर्याय न देता लावलेला कर वापर फारसा घटवीत नाही, तो फक्त गरिबाचा खिसा घटवितो.

किंमत ठरविणे सरकारच्या हाती उरलेले नाही, ती बाजार ठरवितो, असे सांगितले जाते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, हे कागदोपत्री खरे. पण २०२१ च्या फेब्रुवारी अखेरीपासून पश्चिम बंगाल, तमिळनाडू, केरळ, आसाम व पुदुच्चेरी येथील निवडणुका होईपर्यंत दर एकदाही वाढले नाहीत. २ मे रोजी निकाल लागले, ४ मे रोजी वाढ सुरू झाली. १७ मे रोजी ‘तौक्ते’ वादळ मुंबईजवळून गेले. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात काम करणाऱ्या कामगारांचा ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि सत्तराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्या आठवड्यात दरवाढ थांबविण्याचे कोणाला सुचले नाही. २९ मे रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. निवडणुकीसाठी दर थांबू शकतात. मग वादळासाठी का थांबू नयेत?

हा प्रश्न पुढे अधिक तीव्र होणार आहे. मुंबई सात बेटांमध्ये भराव घालून उभी राहिलेली, ठिकठिकाणी सखल नगरी आहे. माहुलचे दोन मोठे शुद्धीकरण कारखाने खाडीकाठी, कच्च्या तेलाचा धक्का जवाहर द्वीपावर, आणि मुंबई हायचे तेल व वायू येतात ते उरणला, म्हणजे याच रायगड जिल्ह्यात. ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून जवाहर द्वीपावरील डिझेलची टाकी पेटली आणि कित्येक दिवस जळत राहिली. एका विजेने हे घडले. ‘निसर्ग’ शंभर किलोमीटर उत्तरेस आदळले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. त्या दिवशी मुंबईची माणसे आणि मुंबईचा माल बोरघाटाच्या रस्त्यानेच हलेल. ते ओझे खालापूर व कर्जत वाहतील.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. आपत्ती जाहीर झालेल्या जिल्ह्यांत किमान तीन महिने इंधनावरील करवाढ व दरवाढ गोठवावी. कच्चे तेल स्वस्त असताना मिळणाऱ्या जादा शुल्कातून दर स्थिर राखण्याचा निधी उभारावा व त्यात राज्यांना वाटा द्यावा. विशाखापट्टणम, मंगळुरू व पाडूर येथील भूमिगत साठे कोणत्या परिस्थितीत खुले होतील, हे कायद्याने ठरवावे. वीज गेली तर वाडीवर दिवा लागावा, यासाठी पावसाळ्यापूर्वी शिधावाटप दुकानांत रॉकेलचा राखीव साठा असावा. २०१६ पासून पंधरवड्या-महिन्याला पंचवीस-पंचवीस पैशांनी दर वाढवीत या रॉकेलचे अनुदान संपविण्यात आले, ते संकटकाळापुरते तरी परत यावे. आणि तेल कंपन्या सार्वजनिक मालकीच्याच राहाव्यात. १९७४ ते १९७६ या काळात एस्सो व बर्मा शेल यांचे राष्ट्रीयीकरण झाले म्हणून आज दर थांबविण्याचे साधन तरी हाती आहे. भारत पेट्रोलियम विकण्याचा बेत मे २०२२ मध्ये सोडून द्यावा लागला. तो पुन्हा येणार नाही, असे समजून बसू नये.

१९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणींनी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध मोर्चे काढले, तेव्हा भाव हा दैवाचा नसून निर्णयाचा विषय आहे, हे त्यांनी ओळखले होते. वादळ कोणाच्या ठरावाने थांबत नाही. भाव मात्र ठरावाने चढतो आणि ठरावानेच उतरतो. येत्या पावसाळ्यापूर्वी या दोन तालुक्यांतील प्रत्येक ग्रामसभेने वरील मागण्यांचा ठराव करून तहसीलदारांकडे पाठवावा. कामाचा आरंभ तेथून व्हावा.