सायंकाळचा एक तास
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल उभे राहिले. त्याच्या कार्याचा पाया होता सायंकाळची शाखा: खेळ, कवायत, गाणी आणि बौद्धिक. तिला लागे ते एक मोकळे मैदान आणि रोज एक तास देणारा तरुण कार्यकर्ता.

दादर-परळ-लालबागच्या चाळींतून या तासाचे मोल अधिक होते. एका खोलीत संपूर्ण कुटुंब. मुलाने अभ्यास करावा कोठे आणि खेळावे कोठे? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबले, अनेक घरांतील शाळाही थांबल्या आणि काही तरुण टोळ्यांच्या हाती लागले. त्यांच्या संस्कारांना दोष देणाऱ्यांनी थंडावलेल्या चुलीकडे पाहिले नाही.

पुढे जागाही गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार पुनर्विकासात गिरण्यांच्या जमिनीचा मोठा हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मनोरे उभे राहिले, मैदाने आक्रसली. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही चौदाव्या वर्षापर्यंतच साथ देतो. नववी-दहावीचा बिकट टप्पा बहुधा त्यापलीकडे येतो.

येथेच स्वयंसेवकाचे काम सुरू होते. कबड्डीसाठी आलेला मुलगा हळूहळू गणितासाठीही थांबतो. परंतु गुण कमी पडले म्हणून त्याला खेळातून वगळले, तर तो दोन्हींना मुकतो. परीक्षेपुरता उगवणारा स्वयंसेवकही उपयोगाचा नाही. तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जाणारा माणूस हवा.

अशा सेवेने शासनाची जबाबदारी हलकी होते, हा आक्षेप रास्त आहे. शिक्षक, वाचनालय आणि मैदान पुरविणे हे शासनाचे व महापालिकेचेच कर्तव्य होय. म्हणून कार्यकर्त्याने सायंकाळी मुलांत असावे आणि सकाळी हजेरीची तीच वही घेऊन जी-उत्तर विभाग कार्यालयात जागेची मागणी करावी. मागणीवाचून केलेली सेवा दानधर्म ठरते. सेवेवाचून केलेली मागणी निवेदनाच्या कागदावरच राहते. प्रत्येक शाखेने एक वस्ती निवडून या कामास लागावे.