एक तास उद्यमबागेत



मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. इंजिनिअरिंगवाल्यांना उद्योजकतेबद्दल सांगणारी ही कोण, असं वाटेल तुम्हाला. वाटू दे. माझी मैत्रीण मेकॅनिकलला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तिच्याकडून ‘उद्योजकाचे गुण’ मीच पाठ करून घेतले. मार्क चांगले पडले. पण एक साधा पार्ट बनवायला किती खर्च येतो, हे तिला सांगता येईना. चूक तिची नाही. वर्गात ते कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. नोकरी सोडून बेळगावात आले. सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, तरी पहिला विकायला दोन वर्षं लागली! लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. म्हणजे अडचण ड्रॉइंगमध्ये नव्हती, बांधावर होती.

ती बांधावरची अडचण आज शिकवतो कोण?

माझं म्हणणं साधं आहे. या विषयाचा आठवड्यातला एक तास उद्यमबागेतल्या फाउंड्रीत घ्या. ओतलेले किती नग रद्द होतात, वीजबिल किती येतं, मालकाला विचारू दे मुलांना. ज्याला माल विकायचा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलू दे, मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत. इंग्रजी स्लाइड बघून नांगर कोण घेतो?

आणि उधारी शिकवा. माल गेला, पैसे अडकले, की कारखाना बसतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर व्याज पडतं. हे वाक्य राज्यशास्त्राच्या मुलीकडून ऐकायची वेळ इंजिनिअरवर का यावी?

सगळ्यांनी कारखाना काढावा असं मी म्हणत नाही. नोकरीही मानाचीच. पण पुण्याला, बंगळूरला जायचं तर स्वतः ठरवून जा. इथं काय करता येतं हे कुणी दाखवलंच नाही म्हणून जाऊ नका.

उद्या वर्गात सरांना एवढंच विचारा : “सर, पुढचा तास उद्यमबागेत घेऊया का?”