सत्तर फुटांचे केस आणि आईची नजर



साहित्याच्या व्यासपीठावर मुलांच्या चित्रपटाविषयी बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. पण परीकथा हे वाङ्मयच आहे आणि आपल्या नातवंडांपर्यंत ते आता बहुधा पडद्यावरूनच पोहोचते. नेथन ग्रेनो आणि बायरन हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेला डिस्नेचा ‘टँगल्ड’ (२०१०) हा संगणकीय अ‍ॅनिमेशनपट मी आज निवडला आहे. त्यातील तंत्र आणि व्यक्तिचित्रण ही एकाच कामाची दोन अंगे कशी आहेत, ते पाहू.

मूळ कथा ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेली ‘रापुन्झेल’. मनोऱ्यात कोंडलेली मुलगी आणि तिचे लांब केस धरून वर चढणारी बाई, हा तिचा गाभा. चित्रपटाने त्यात एक भर घातली. रापुन्झेलच्या सोनेरी केसांत जखम बरी करण्याची आणि तारुण्य परत देण्याची शक्ती आहे. केस कापले की ती नाहीशी होते. म्हणून गोथेल राजाराणीचे तान्हे मूल पळवते आणि आई म्हणवून घेत त्याला अठरा वर्षे वाढवते.

हे केस ७० फूट लांब. हाताने चित्र काढताना एका वळणदार रेषेत केस दाखवता येतात. संगणकाला मात्र केसाची बट खांद्यावर, जमिनीवर, दुसऱ्या बटेवर कशी पडेल, याचे गणित करावे लागते. ते गणित निसर्गनियमाने काटेकोर केले असते, तर एवढ्या ओझ्याखाली त्या मुलीला मान उचलता आली नसती. म्हणून केली वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन आणि घर्षण यांना सोयीपुरती मुरड घातली. हाताने चित्रे काढण्यात आयुष्य गेलेले ग्लेन कीन संगणकावरील चित्रांवर रेषा काढून पात्रांचे हावभाव सुधारून देत. हे केस पडद्यावर दोर होतात, झोका होतात, चोराला खुर्चीला बांधून ठेवतात. ते या मुलीचे सामर्थ्य आहेत आणि तिची बेडीही.

आता गोथेलकडे पाहा. ती मारत नाही, उपाशी ठेवत नाही. मुलीच्या आवडीचे सूप करते. आरशासमोर उभी राहून स्वतःचे कौतुक करते आणि मुलीला हसत हसत टोमणा मारते. तिचे हात मात्र खोटे बोलत नाहीत. लाड करायची वेळ आली की तिचा हात केसांवर जातो, ओठही केसांवर टेकतात. मराठीत माया आणि मोह हे दोन शब्द आहेत. गोथेलला मोह आहे. मुलीला मात्र तो मायाच वाटतो, आणि तिची खरी कोंडी हीच आहे. मनोऱ्याबाहेर पहिले पाऊल टाकल्यावर ती गवतात आनंदाने बागडते आणि पुढच्याच क्षणी आईला फसवले म्हणून रडत बसते. आपण हसतो, पण त्या हसण्यात ओळखीची कळ असते.

ग्रिमांच्या कथेत जादूगारीण शिक्षा म्हणून केस कापते. इथे मरणाच्या दारातला यूजीन आरशाच्या तुकड्याने ते कापतो. कारण त्याला वाचवण्याच्या बदल्यात रापुन्झेल जन्मभराची कैद पत्करायला निघाली आहे. केस तपकिरी होतात. ज्यांच्यासाठी एवढे तंत्र उभे केले, ते सत्तर फूट पडद्यावरून नाहीसे होतात.

मग येतो राजवाड्यातला प्रसंग. राणीने तान्हेपणी पाहिलेले ते सोनेरी केस आता उरलेले नाहीत. समोर आखूड, तपकिरी केसांची परकी तरुणी उभी आहे. राणी तिच्या चेहऱ्याकडे पाहते आणि एक शब्दही न बोलता तिला मिठीत घेते. इथे संगणकाचे सारे कसब दोघींच्या डोळ्यांत उतरले आहे.

आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली माणसे. मुलांबरोबर भाषा जपतो, सणवार जपतो आणि ते निसटेल म्हणून धास्तावतो. ही धास्ती खोटी नाही. पण नातवंडांबरोबर हा चित्रपट पाहाल, तेव्हा त्या दोन आयांचे हात नीट पाहा. आणि मुलांना जवळ घेताना आपला हात कुठे जातो, हेही एकदा स्वतःला विचारा.