दहा वॅटचा आवाज
(गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात रॉक संगीतावर भाषण म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या काकांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मला इथून दिसताहेत. काका, थोडाच वेळ घेतो.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात सिअ‍ॅटल शहर आहे. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९७२ साली केसीएमयू नावाचं रेडिओ केंद्र सुरू केलं. ताकद फक्त दहा वॅट! आपल्या घरातला जुना पिवळा बल्बसुद्धा त्याहून अधिक. पुढे १९८० च्या दशकात विद्यापीठाने हात आखडता घेतला. मग केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर आणि बिनपगारी निवेदकांवर चाललं. म्हणजे थेट आपल्या मंडळासारखंच!

जाहिरातदारांना खूश ठेवायचं नसल्यामुळे निवेदक मनाला भावेल ते लावत. गावातल्या नवख्या मुलांची गाणीही आवर्जून वाजत. ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन हे इथले निवेदक; पुढे त्यांनीच सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी काढली. साउंडगार्डन बँडचा गिटारवादक किम थायिल हाही इथला निवेदक. त्याचे आईवडील मूळचे केरळचे, बरं का!

१९८८ साली निर्वाणा या बँडची पहिली रेकॉर्ड निघाली. कर्ट कोबेनने ती केंद्रावर नेऊन दिली. परतीच्या वाटेवर ती लागेना, तेव्हा गाडी थांबवून पठ्ठ्याने सार्वजनिक फोनवरून स्वतःच्याच गाण्याची फर्माईश केली. गाणं लागलं. तीन वर्षांनी तोच बँड जगभर गाजला.

पण ओळख टिकवणं सोपं नसतं. १९९२ च्या सुमारास व्यवस्थापनाने स्थानिक निवेदकांचा वेळ कापून बाहेरून तयार कार्यक्रम आणला. श्रोते संतापले, अनेकांनी वर्गणी थांबवली, वाद कोर्टात गेला. लोकांना ते केंद्र आपलं वाटत होतं, म्हणूनच ते भांडले. २००१ साली केंद्राचं नाव केईएक्सपी झालं आणि आज इंटरनेटवरून ते जगभर ऐकलं जातं.

आता हे इथे का सांगतोय? गेल्या वर्षी आपल्याच कॉलनीतल्या चार मुलांनी या रंगमंचावर अर्धा तास मागितला होता. गाणी त्यांनीच रचलेली. मराठीत, मध्येच इथली भाषा आणि इंग्रजी. आपण नाही म्हटलं. बाहेरून ऑर्केस्ट्रा बोलावला, तीच ठरलेली गाणी ऐकली. त्या बैठकीत मीही हात वर केला होता, नकाराच्या बाजूने. ते मला आजही खुपतं.

महाराष्ट्राबाहेर वाढणारी ही मुलं नेमकी कशी बोलतात, कशी गातात, हे ऐकायला दुसरा मांडव कुठला? सगळंच चांगलं असेल असं नाही. सिअ‍ॅटललाही नव्हतं. पण आधी कुणीतरी ऐकावं लागतं.

यंदा अर्धा तास द्या. काका, तुम्ही पुढच्याच रांगेत बसा!

गणपती बाप्पा मोरया!